'ॲडजस्ट' कुणी करायचं?

हुबळीच्या विद्यानगरात इंग्रजीला तोटा नाही. १९४७ साली सुरू झालेलं बी. व्ही. बी. इंजिनिअरिंग कॉलेज आता के. एल. ई. टेक्नॉलॉजिकल युनिव्हर्सिटी झालं आहे. मेडिकल कॉलेज आहे, जाबिन सायन्स कॉलेज आहे, आणि त्यांच्या आसऱ्यानं वाढलेले स्पोकन इंग्लिशचे क्लास, झेरॉक्सची दुकानं, मेस आणि पीजी आहेत. जाडजूड इंग्रजी पुस्तकं काखेत मारून पोरं हिंडतात. आणि या सगळ्या विद्येच्या माहेरघरात दिवसभर कानांवर आदळणारं इंग्रजी क्रियापद मात्र एकच: ॲडजस्ट. कन्नडमध्ये "स्वल्प ॲडजस्ट माड्री." मराठी घरात "जरा ॲडजस्ट करून घे." हिंदीत "थोडा ॲडजस्ट कर लो." भाषा तीन, अर्थ एकच: माझी अडचण आजपासून तुझी.

मी इंग्रजी शिकवते आणि मला या क्रियापदाची चीड आहे. त्याच्या व्याकरणाची नव्हे, त्याच्या वागणुकीची. व्याकरणाची चीड येणारे वेगळे. त्यांच्याकडे आधी वळते, कारण त्यांचा आवाज मोठा आहे.

हे गृहस्थ तुम्हाला माहीत आहेत. कुठल्याही कॉलेजनगरीत ते असतातच. गळ्यात ओळखपत्र, खिशाला दोन पेनं, भिंतीवर 'योर इंग्लिश इज योर पर्सनॅलिटी' असला फलक. ते शिकवतात की 'ॲडजस्ट' हे सकर्मक क्रियापद आहे, त्याला कर्म लागतं, आणि कर्माशिवाय नुसतं 'प्लीज ॲडजस्ट' म्हणणं म्हणजे अडाणी भारतीय इंग्रजी. त्यांचं पहिलं वाक्यच चुकीचं आहे. डोळे अंधाराला ॲडजस्ट होतात, मूल नव्या शाळेला ॲडजस्ट होतं, ही वाक्यं इंग्रजीत शुद्ध अकर्मक आहेत आणि कुठल्याही बऱ्या शब्दकोशात सापडतील. कोश उघडण्याचे कष्ट मात्र घ्यायचे नाहीत! नियम सांगायचा, पोरांची मान खाली घालायला लावायची आणि फी घ्यायची. बरं, हेच गृहस्थ वीस खुर्च्यांच्या खोलीत दुप्पट पोरं कोंबून दारात उभ्या राहिलेल्याला काय सांगतात? "प्लीज ॲडजस्ट." तिथे कर्म कुठे गेलं, गुरुजी?

हुबळीच्या जुळ्या शहरात, धारवाडात, जी. ए. कुलकर्णींनी वर्षानुवर्षं कॉलेजात इंग्रजी शिकवलं आणि घरी बसून मराठी कथा लिहिल्या. याच धारवाडात घरी मराठी बोलणारे द. रा. बेंद्रे कन्नडचे महाकवी झाले. दोन-दोन भाषा अंगात मुरवलेली माणसं इथे होऊन गेली. शब्द या भाषेतून त्या भाषेत गेला की त्याची चाल बदलते, हे इथल्या मातीला कुणी शिकवायला नको. तेव्हा 'ॲडजस्ट'ची चाल बदलली याची तक्रार मी करत नाही. बदलून ती कुठल्या वाटेला लागली, याची करते.

आधी त्याची मूळची सरळ चाल पाहा. त्यासाठी इंग्लंडला जायची गरज नाही, कोपऱ्यावरच्या गॅरेजात जा. बाइकच्या इंजिनातून टकटक आवाज येतो. मेकॅनिक म्हणतो, टॅपेट ॲडजस्ट करायला हवेत. इंजिन गार होऊ देतो. झाकण काढतो. लॉकनट ढिला करतो, छोटा स्क्रू पान्यानं धरतो आणि स्क्रू नि व्हॉल्व्ह यांच्या फटीत फीलर गेजची पातळ पट्टी सरकवतो. फट मिलीमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपास. पट्टी किंचित अडकत सरकली पाहिजे. फट जास्त राहिली तर आवाज जात नाही, कमी झाली तर व्हॉल्व्ह नीट बसत नाही आणि जळतो. मग स्क्रू तसाच धरून लॉकनट आवळायचा आणि पट्टी पुन्हा घालून बघायची. काळ्या तेलानं माखलेल्या त्या हातांना ॲडजस्ट या क्रियापदाबद्दल जे कळतं, ते आमच्या अर्ध्या विद्यानगराला कळत नाही. ॲडजस्ट करणाऱ्याला माप माहीत असावं लागतं. कुठला स्क्रू, किती, कशासाठी, आणि कुठे थांबायचं, हे सगळं त्या एका शब्दात गृहीत असतं. आणि कष्ट करतो तो ॲडजस्ट करणारा. टॅपेटला कुणी म्हणत नाही की बाबा, तूच जरा समजून घे.

आता गॅरेजातून बाहेर पडा आणि तोच शब्द माणसांना लावलेला ऐका. माप गेलं. मुदत गेली. कारण गेलं. कर्ताही पळाला! उरला तो फक्त आज्ञार्थ, आणि तोही कायम द्वितीयपुरुषी. "मी ॲडजस्ट करतो, तुम्ही नीट बसा," असं वाक्य गर्दीत कितीदा ऐकलंत? जागा हवी असलेला म्हणतो, तुम्ही ॲडजस्ट करा. बोलणारा मागतो आणि ऐकणारा देतो, तरी क्रियापदाचा थाट असा, की जणू ऐकणाऱ्याच्याच स्वभावात दुरुस्तीची गरज होती.

यात आपल्या भाषांनीही हात धुऊन घेतले आहेत. मराठीत आपण नुसतं 'ॲडजस्ट कर' म्हणत नाही, 'ॲडजस्ट करून घे' म्हणतो. घे! काय घे? 'वाचून घे', 'जेवून घे', 'शिकून घे' म्हणतो तेव्हा क्रियेचा लाभ करणाऱ्याच्या पदरात पडतो. तेच 'घेणे' इथे आणून चिकटवलं. हातातलं काढून घ्यायचं आणि व्याकरणात मात्र ऐकणाऱ्याच्या ओंजळीत काहीतरी टाकल्याचा देखावा करायचा. कन्नडची तऱ्हा तीच. तिथे 'माडिकोळ्ळी', आणि त्यातलं 'कोळ्ळु' म्हणजे घेणेच. दोन शेजारणी भाषा, एक आर्य कुळातली, एक द्राविड, आणि दुसऱ्याच्या गळ्यात गैरसोय बांधताना दोघींनी वापरलेली युक्ती अगदी एक.

त्यात 'स्वल्प'ची साखर. हा संस्कृतातला 'सु' आणि 'अल्प' यांचा जोड, म्हणजे अगदी थोडं. आपण तो स्वल्पविरामात ठेवला, कन्नडनं बोलण्यात ठेवला. स्वल्प म्हणजे किती? अर्धी मांडी टेकण्यापुरतं? एक रात्र? आयुष्यभर? ते कधीच सांगायचं नाही. सांगितलं तर ती मागणी होईल, आणि मागणीला नाही म्हणता येतं.

या शब्दाच्या कुळीची गोष्टही ऐकून ठेवा. इंग्रजीनं तो जुन्या फ्रेंचकडून घेतला, फ्रेंचनं लॅटिनकडून. लॅटिनात अर्थ जवळ आणणे. त्यातल्या 'युक्स्ता' म्हणजे 'शेजारी' या शब्दाचं मूळ आणि संस्कृत 'युज्'चं मूळ एकच मानलं जातं. त्याच मुळातून आपल्याकडे योग आला, युग आलं, आणि बैलाच्या मानेवरचं जू आलं. पुढे लोकांचा समज असा झाला की हा शब्द लॅटिनातल्या न्यायवाचक 'युस्तुस'पासून आला असावा. समज चुकीचा, पण तो शब्दाला चिकटला. म्हणजे जन्मानं हा जुवाचा सोयरा, आणि लोकांना त्यात दिसला न्याय. त्या लोकांचा घोटाळा निदान कानाचा होता. आपण डोळे उघडे ठेवून मानेवर जू ठेवतो आणि त्याला समजूतदारपणा म्हणतो.

जवळचं उदाहरण देते. माझ्या एका विद्यार्थिनीची पीजीतली खोली मी पाहिली. दोघींची म्हणून घेतलेली. सत्र सुरू होऊन महिना झाला नाही तोच तिसरी खाट आली. ती दारामागे लावली, त्यामुळे दार अर्धंच उघडतं आणि आत शिरताना पाठीवरची सॅक आधी काढावी लागते. कपाटाला दारं दोन, म्हणून तिसरीची बॅग खाटेखाली. प्लगचं भोक एक. तीन मोबाइल पाळीपाळीनं चार्ज होतात आणि रात्री अभ्यासाचा दिवा कुणी लावायचा यावरून धुसफूस. भाडं? तिघींचंही पूर्ण. पोरींनी विचारल्यावर मालकीणबाई म्हणाल्या, "स्वल्प ॲडजस्ट माड्री, परीक्षेपर्यंत." परीक्षा झाली, निकाल लागला, खाट तिथेच. मग पोरीनं खोली सोडायची ठरवली आणि म्हणाली, "आंटी, शेवटच्या महिन्याचं भाडं डिपॉझिटमधून ॲडजस्ट करा." बाई ताठ झाल्या. "तसलं काही ॲडजस्ट होत नाही. ॲग्रीमेंट बघा."

वा रे वा. पोरींच्या झोपेला ॲग्रीमेंट नाही, बाईंच्या पैशाला आहे. हिशेबाच्या वहीत 'ॲडजस्टमेंट एंट्री'ला ठरलेली जागा असते, तारीख असते, रक्कम असते, एक पैसा इकडचा तिकडे होत नाही. पैशाच्या बाबतीत हे क्रियापद किती काटेकोर आहे पाहा! माणसाच्या बाबतीतच तेवढं ते ढिसाळ.

हुबळी स्टेशनवर चला. इथला प्लॅटफॉर्म १५०७ मीटरचा, जगातला सर्वांत लांब; मार्च २०२३ मध्ये त्याचं उद्घाटन झालं, गिनीज बुकात नोंद झाली. दीड किलोमीटर लांबीचा फलाट, आणि त्याला लागणाऱ्या गाडीच्या जनरल डब्यात मात्र चौथ्याला टेकायला सहा इंच मिळत नाहीत. रेल्वेनं ॲडजस्टला रीतसर सरकारी दर्जाही देऊन टाकला आहे: आर.ए.सी. एक साइड लोअर बर्थ, त्यावर दोन अनोळखी माणसं, गुडघ्याला गुडघा लावून रात्रभर, आणि तिकीट दोघांचं पूर्ण. जिथे नियम तुमच्या बाजूनं आहे तिथेही क्रियापद त्याच्यावर मात करतं. मधला बर्थ रात्री १० ते सकाळी ६ उघडा ठेवायचा हक्क तुमचा आहे. साडेदहाला तुम्ही उठून साखळी लावायला जाता, तर खालच्या बर्थवर पत्ते कुटणारे काका म्हणतात, "अहो, जरा ॲडजस्ट करा की, इतकी काय घाई?" काका, घाई नाही. साडेदहा वाजलेत.

पण याहून गंभीर उदाहरण याच शहराच्या नळाचं आहे. हुबळी-धारवाडचं पाणी मुख्यतः मलप्रभेचं, सौंदत्तीच्या धरणातून येतं. वर्षानुवर्षं इथल्या घरांनी पाण्याशी ॲडजस्ट केलं. काही-काही दिवसांनी येणारं पाणी, त्यासाठी अंगणात टाक्या, न्हाणीत पिंपं, स्वयंपाकघरात कळशा. पाणी सुटायच्या वेळी घरातल्या बाईनं घरीच थांबायचं, मग लग्न असो नाही तर मयत. सगळ्यांना वाटायचं हे असंच असतं, नदीच तशी, नशीबच तसं. मग जागतिक बँकेच्या मदतीच्या प्रकल्पात हुबळी-धारवाड, बेळगाव आणि गुलबर्ग्याच्या काही निवडक भागांत नवं जाळं टाकलं, गळती थांबवली, मीटर बसवले, आणि २००८च्या सुमाराला त्या भागांत चोवीस तास पाणी वाहू लागलं. नदी तीच. शहर तेच. रस्त्याच्या या बाजूला चोवीस तास पाणी, त्या बाजूला पिंपं. म्हणजे इतकी वर्षं बायकांनी ॲडजस्ट केलं ते कुणाशी? निसर्गाशी नव्हे, फुटक्या पाइपांशी. दुरुस्ती पाइपाची व्हायची होती, झाली माणसांची. मेकॅनिकनं स्क्रू सोडून गिऱ्हाइकाचे कान पिळावेत, तसला हा कारभार. आणि जोवर माणसं निमूट ॲडजस्ट करतात, तोवर पाइप बदलायची निकड कुणाला वाटणार?

आमच्या मराठी लोकांनाही मोकळं सोडत नाही. तिकडे महाराष्ट्रात याला 'समायोजन' असं सोवळं नेसवलं आहे. पटसंख्या घटली, शिक्षक अतिरिक्त ठरला, की त्याचं समायोजन होतं. घर एका तालुक्यात, शाळा दुसऱ्या टोकाला. बाईचं मूल लहान, नवऱ्याची नोकरी तिसरीकडे. कागदावर मात्र शब्द इतका गुळगुळीत, की त्यावरून डोळा घसरतो. 'बदली' म्हटलं तर निदान कळतं की माणूस हलला. 'समायोजन' म्हटलं की नुसती आकड्यांची बेरीज जमली.

आणि घर? घरात तर या क्रियापदाचं राज्यच आहे. लग्न ठरलं की मुलीला सांगायचं, ॲडजस्ट करून घे हो. मुलाला कुणी सांगितल्याचं ऐकलंत? नोकरी सोडली: ॲडजस्ट केलं. सासूच्या वेळेला चहा, नणंदेच्या वेळेला जेवण: ॲडजस्ट केलं. त्यानं हात उचलला. माहेरी फोन केला. पलीकडून आई म्हणाली, "थोडं ॲडजस्ट कर बाळा, होईल सगळं ठीक." इथे माझा आवाज चढतो आणि तो मी उतरवणार नाही. गर्दीत सरकून बसण्याचा शब्द मारहाणीला लावला आहे. सहा इंच जागेचा आणि फुटलेल्या ओठाचा शब्द एक, आणि तो उच्चारणाऱ्याला त्यात काही वावगं दिसत नाही.

हे क्रियापद आणखी किती खाली उतरू शकतं, ते केरळनं दाखवलं. मल्याळम सिनेमातल्या बायकांच्या स्थितीची चौकशी करणाऱ्या न्यायमूर्ती के. हेमा समितीचा अहवाल ऑगस्ट २०२४ मध्ये लोकांसमोर आला. त्यात दोन शब्दांची खास नोंद आहे: 'ॲडजस्टमेंट' आणि 'कॉम्प्रोमाइज'. काम हवं असेल तर शरीराची मागणी मान्य कर, असा त्या धंद्यातला त्यांचा अर्थ. नव्या मुलीला पहिल्याच बोलण्यात हे शब्द ऐकवले जातात, आणि सगळ्यांना अर्थ माहीत असतो. बलात्काऱ्याला सभ्य शब्द लागतो, आणि आपण सगळ्यांनी बस, पीजी, सासर, ऑफिस इथे रोज वापरून-वापरून तो त्याच्यासाठी घासूनपुसून तयार ठेवलेला असतो.

एवढं असूनही या शब्दाची आरती ओवाळणारे आहेतच. टी-शर्टवर 'स्वल्प ॲडजस्ट माडि' छापतात, मॅनेजमेंटच्या शिबिरात त्यावर तासभर बोलतात, आपली सहिष्णुता, आपली लवचीकता, आपली संस्कृती म्हणून मिरवतात. हे मिरवणारे स्वतः विमानात खिडकीची जागा पैसे भरून राखून ठेवतात. त्यांच्या सोसायटीत दुसऱ्याची स्कूटर त्यांच्या पार्किंगमध्ये तासभर लागली की व्हॉट्सॲपवर युद्ध पेटतं. तिथे कुठे जाते संस्कृती? लवचीकता हा गुण आहे, मला मान्य आहे. पण लवचीक होण्याची पाळी कायम त्याच माणसावर येत असेल, तर गुण त्याचा आणि फायदा दुसऱ्याचा.

या शब्दाला ठाम नकार देणाराही एक होऊन गेला. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ एकेकाळी परिस्थितीशी न जमणाऱ्या माणसाला 'मॅलॲडजस्टेड' म्हणून मोडीत काढायचे. सप्टेंबर १९६७ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग त्यांच्याच संघटनेच्या अधिवेशनात वॉशिंग्टनला गेले आणि त्यांच्याच तोंडावर म्हणाले की काही गोष्टींशी माणसानं कधीच ॲडजस्ट होता कामा नये. वर्णभेदाशी नाही, धर्मांधतेशी नाही, अनेकांच्या तोंडचा घास काढून मोजक्यांना चैन पुरवणाऱ्या अर्थव्यवस्थेशी नाही. ही त्या क्रियापदाची खरी परीक्षा. ज्यांना पूर्वी बसमध्ये मागे सरकून बसा असं कायद्यानं सांगितलं जात होतं, त्यांचा नेता बोलत होता. माँटगोमेरीच्या बसमध्ये रोझा पार्क्स यांना १९५५ साली ड्रायव्हरनं काय सांगितलं होतं? जागा सोडा, गोऱ्या प्रवाशाला बसू द्या. त्या उठल्या नाहीत.

आता कुणी म्हणेल, बाई, मग गर्दीत माणसानं माणसाला जागाच द्यायची नाही का? द्यायची. मी देते. म्हाताऱ्याला, पोटुशीला, कडेवर मूल असलेल्या बाईला उठून पूर्ण जागा द्यावी, अर्धी नव्हे. त्यासाठी आपल्याकडे स्वच्छ शब्द आहेत. 'जरा सरकता का?' असं विचारा. त्यात विनंती आहे आणि नकाराला जागा आहे. दोघांनी थोडं-थोडं सोडायचं असेल तर 'तडजोड' म्हणा. त्या शब्दात दोन बाजू लागतात, एकट्यानं तडजोड होत नाही. भांडणात एकानं माघार घ्यायची असेल तर 'पडतं घे' म्हणा. निदान कोण पडलं ते दिसतं. आणि छळ मुकाट्यानं भोगायला सांगत असाल, तर छातीवर हात ठेवून 'सोस' म्हणा. मुलीला फोनवर म्हणून पाहा: "तो मारतो, तू सोस." जीभ अडखळते? अडखळली पाहिजे. याच अडखळण्यातून सुटण्यासाठी तुम्ही इंग्रजी क्रियापदाच्या मागे लपत होता.

म्हणून माझं मागणं एवढंच. गॅरेजात, शिंप्याकडे, चष्म्याच्या दुकानात हा शब्द खुशाल वापरा. माणसांना लावू नका. आणि यापुढे कुणी तुम्हाला "जरा ॲडजस्ट करा" म्हणालं, तर आवाज न चढवता विचारा: काय सोडू, किती, किती दिवस, आणि तुम्ही काय सोडताय? उत्तर मिळेपर्यंत जागेवरून हलू नका.